गांधार ट्यूनिंगची पेटी : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी घरची जुनी पेटी (हार्मोनियम) पांढरी एकच्या (पियानोवरच्या सी च्या) षड्जाला गांधार ट्यूनिंग करून घेतली, म्हणजे तो षड्ज धरून बाकीचे सूर त्याच्याशी नैसर्गिक गुणोत्तरांनी जुळवून घेतले. रोज तासभर तरी वाजवते, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी तंबोरा लावून शुद्ध गांधार दाबला आणि अंगावर काटा आला. पूर्वी तो तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराशी भांडायचा. साध्या पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, १००-१०० सेंटचे (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). त्यामुळे गांधार षड्जापासून ४०० वर येतो. कानाला हवा असतो षड्जाच्या ५/४ पट कंपनांचा, म्हणजे ३८६ वरचा. कारागिराने त्या सुराची रीड (आतली कंप पावणारी धातूची जीभ) बुडाशी घासून तो उतरवला आणि कोमल धैवताची रीड टोकाशी घासून तो ८०० वरून ८१४ वर चढवला.

खरी शिकवण मात्र वेगळीच मिळाली. मुलीच्या पियानोच्या वहीत काळी चारला दोन नावं आहेत, जी शार्प आणि ए फ्लॅट. पट्टी एकच, मग नावं दोन कशाला, असं तिने विचारलं तेव्हा मी "लिहिण्याची पद्धत" म्हणून सोडून दिलं होतं. एका संध्याकाळी तिच्या आवाजासाठी पांढरी तीन (ई) षड्ज धरला. शुद्ध गांधार आला काळी चारवर, आणि इतका चढा, की ती गाता गाता थांबलीच.

मग वही घेऊन बसले. ही पट्टी पांढरी एकचा कोमल धैवत म्हणून लावलेली, म्हणजे ए फ्लॅट. मला हवा होता पांढरी तीनचा गांधार, जी शार्प, जो पांढरी एकपासून सुमारे ३८६ चे दोन टप्पे चढून ७७३ वर बसतो. फरक तब्बल ४१ सेंटचा, जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराइतका! सारख्या भागांच्या ट्यूनिंगने दोघांना मधल्या ८०० वर आणून एका पट्टीत बसवलं आहे. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण एकही गांधार पूर्ण जुळत नाही.

म्हणून एकल वादन करणाऱ्यांनी किंवा एकाच पट्टीत गाणाऱ्यांनी हे ट्यूनिंग जरूर करून घ्यावं. भजनी मंडळात दर गायकाला षड्ज बदलावा लागत असेल, तर नको. स्केल चेंजरही (पट्ट्या सरकवून षड्ज बदलायची सोय) इथे कामाचा नाही, कारण पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत.

मुलीसाठी दुसरी पेटी पांढरी तीनला लावायला दिली आहे. तिच्यात काळी चार जी शार्प असेल.