चीट इंजिन की जुना मारिओ? गेममध्ये फेरफार शिकताना सुरुवात कुठून करावी

गेमचा कोड आतून बदलायला शिकायचं असेल तर आज दोन सरळ वाटा आहेत. एक म्हणजे विंडोजवर चीट इंजिन (चालू गेमच्या मेमरीतले आकडे शोधून बदलणारा प्रोग्राम) घ्यायचं आणि ते आपल्याकडच्या एखाद्या पीसी गेमला जोडायचं. दुसरी म्हणजे जुन्या आठ-बिटी निन्टेन्डोचा एखादा गेम इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवायचा आणि मेसेन किंवा एफसीईयूएक्स या इम्युलेटरच्या डिबगरमध्ये (चालू कोड थांबवून दाखवणारी सोय) तो उलगडत बसायचं. दोन्हीची साधनं फुकट मिळतात आणि पुढे जाऊन दोन्ही कामाला येतात. प्रश्न फक्त आधी कोणती, एवढाच आहे. माझं मत आधीच सांगतो: असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून लिहिण्याची भाषा, मनापासून शिकायची असेल तर जुना निन्टेन्डो आधी. चीट इंजिन शोधायला फार छान शिकवतं. कोड वाचायला शिकायचं तर त्याहून लहान आणि शांत जागा लागते.

ही जागा किती लहान आहे ते पाहा. निन्टेन्डोच्या मशिनची कामाची मेमरी २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. मेसेनचा मेमरी व्ह्यूअर उघडून थोडं खाली-वर केलं की ती सगळी नजरेखालून जाते. मारिओ पळू लागला की काही आकडे थरथरताना दिसतात, नाणं घेतलं की एखादाच टुणकन बदलतो. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे: ३२ कोड आणि डेटाचे, ८ चित्रांचे. आजचा पीसी गेम काही गिगाबाइट मेमरी घेऊन बसतो. तिथे नजरेने काही सापडणार नाही, चाळणीच लागते. हेल्थ १०० आहे ना, मग १०० शोधा. मार खा, ९६ झाली, आता उरलेल्यांत ९६ शोधा. असं करत करत दोन-चार पत्ते उरतात. त्यातही आकडा पूर्णांकात आहे की फ्लोटमध्ये (दशांशात) हे आधी ओळखावं लागतं, आणि गेम बंद करून पुन्हा चालू केला की तो पत्ता बहुधा हललेला असतो. मग पॉइंटरचा, म्हणजे तो पत्ता मेमरीत जिथे लिहून ठेवलेला असतो त्या जागेचा, माग काढणं आलं.

जुन्या मशिनवर पत्ता हलत नाही. मारिओच्या लाइफ ०७५ए या पत्त्यावर असतात (पत्ते आणि बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात, त्यात ए ते एफ हेही अंक). काल होत्या, आज आहेत, उद्याही तिथेच. नवशिक्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे ते पॉइंटरच्या मागे आठवडाभर फिरल्यावर कळतं.

आता या लाइफपाशी जरा थांबू, कारण माझी असेंब्लीशी खरी ओळख इथेच झाली. पडद्यावर ३ दिसतात म्हणून मी मेमरीत ३ शोधले आणि काही हाती लागलं नाही. गेम तिथे २ ठेवतो आणि दाखवताना एक मिळवतो. पत्ता सापडल्यावर मी तिथे बसेल तेवढा मोठा आकडा, म्हणजे २५५ भरला. पहिल्याच खड्ड्यात पडलो आणि गेम ओव्हर. मग वाटलं, आकडा राहू दे, लाइफ कमी करणारी सूचनाच काढून टाकू. डिबगरमध्ये ०७५ए वर लिहिताना थांबण्याचा ब्रेकपॉइंट लावला, मारिओला मारलं, आणि गेम बरोबर ९१डी९ या पत्त्यावर थांबला. तिथे तीन बाइट होते: सीई ५ए ०७. सीई म्हणजे डीईसी, एकाने कमी कर. पुढचे दोन बाइट म्हणजे उलट क्रमाने लिहिलेला पत्ता. तिन्हींच्या जागी ईए, म्हणजे काहीच न करणारी सूचना नॉप, भरले. पुन्हा पहिल्याच मरणाला गेम ओव्हर!

उत्तर लगतच्या ओळीत होतं. डीईसीनंतर बीपीएल आहे: मागचं उत्तर ऋण नसेल तर उडी मार, म्हणजेच खेळ चालू ठेव. आठ-बिटी हिशेबात १२८ आणि त्यावरचे आकडे ऋण धरले जातात. २५५ मधून एक गेला, २५४ उरले, ते ऋण ठरले, म्हणून खेळ संपला. नॉप भरल्यावर तर डीईसी उरलंच नाही, त्यामुळे बीपीएलने त्याआधीचा निकाल पाहिला. आधी काय होतं? संगीत बंद करण्यासाठी ए रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) भरलेला ८० हेक्स. तो १२८च, म्हणून तोही ऋण.

यावरचा उपाय मात्र फारच देखणा आहे. सीईच्या जागी एडी लिहायचं. एडी म्हणजे एलडीए, त्या पत्त्यावरचा आकडा नुसता वाचून ए मध्ये घे. लांबी तीच तीन बाइट, पत्ता तोच. फ्लॅग, म्हणजे मागचं उत्तर ऋण आहे की नाही याची प्रोसेसरमधली खूण, लाइफच्या खऱ्या आकड्यानुसार लागतो, बीपीएल समाधानी राहतो, आणि लाइफ कमी होत नाही. गेम जिनी नावाचं जे उपकरण १९९०च्या सुमाराला अमेरिकेत कार्ट्रिजला जोडून वापरायचे, त्याचा या गेमसाठीचा प्रसिद्ध कोड होता एसएक्सआयओपीओ. तो उलगडला तर नेमकं हेच निघतं: ९१डी९ वर एडी. मुलं पाठ करून टाइप करायची ती सहा अक्षरं म्हणजे एका बाइटची असेंब्ली होती. हे मला कळलं तो दिवस अजून आठवतो.

असा धडा पीसी गेमवर मिळत नाही का? मिळतो, पण भोवती फार पसारा असतो. निन्टेन्डोतल्या ६५०२ प्रोसेसरला सूचना ५६, आणि रोज हात लागतो तो ए, एक्स, वाय या तीन रजिस्टरना. ६४-बिटी पीसीवर सर्वसाधारण रजिस्टरच सोळा, आणि एक सूचना एका बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत कितीही लांब. आणखी एक फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मारिओचा कोड माणसाने हाताने असेंब्लीत लिहिलेला आहे, त्यामुळे वाचताना लिहिणाऱ्याचा हेतू दिसतो. पीसी गेमचा कोड सी++ मधून कंपायलरने काढलेला असतो. तो जलद असतो, पण वाचणाऱ्यासाठी लिहिलेला नसतो.

तरी चीट इंजिनची एक गोष्ट मी मनापासून वाखाणतो, ती म्हणजे त्याच्यासोबत येणारा ट्यूटोरियल प्रोग्राम. त्यात नऊ पायऱ्या आहेत आणि क्रम फार विचारपूर्वक लावला आहे. नेमका आकडा शोधणं, माहीत नसलेला आकडा शोधणं, दशांशातले आकडे, लिहिणारी सूचना पकडणं, पॉइंटर. सातव्या पायरीवर प्रत्येक क्लिकला हेल्थ एकाने कमी करणारी सूचना बदलून ती दोनने वाढवायची असते. ६४-बिटी ट्यूटोरियलमध्ये ती सूचना सात बाइटची आहे. तिच्यावर पाच बाइटची उडी बसवायची, उरलेले दोन बाइट नॉपने भरायचे, नवा कोड दुसरीकडे लिहायचा आणि परत यायचं. नववी पायरी तर प्रत्येकाने करावी. तिथे तुमची हेल्थ आणि शत्रूची हेल्थ एकच सूचना कमी करते. ती पुसली तर दोघेही अमर! मग कोणाची बाजू कोणती हे मेमरीतून ओळखून कोडमध्येच अट घालावी लागते. खऱ्या पीसी गेममध्ये हा पेच पदोपदी येतो.

आपल्याकडच्या डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या मुलांना यात एक फायदा आहे. लॅबमध्ये ८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या किटवर ३ई ०५ असे बाइट ज्यांनी हाताने भरले आहेत, त्यांना ६५०२ दोन-तीन दिवसांत ओळखीचा वाटेल. अॅक्युम्युलेटर तसाच, पत्ता उलट क्रमाने लिहिणंही तसंच. ज्यांचा ८०८६ पक्का आहे त्यांनी थेट पीसीकडे गेलं तरी चालेल. एएक्सचा ईएएक्स झाला आणि ईएएक्सचा आरएएक्स, घराणं एकच.

चीट इंजिन आधी कोणी घ्यावं? ज्याच्या मनात एकच ठरावीक पीसी गेम आहे आणि त्यातच बदल करायचा आहे त्याने. त्याला ६५०२ शिकायला लावणं म्हणजे त्याचा उत्साह घालवणं. फक्त गेम युनिटी या गेम इंजिनवर, सी-शार्पमध्ये बनवलेला आहे का ते आधी बघा. असेल तर बऱ्याचदा असेंब्लीची गरजच पडत नाही.

चीट इंजिन मुख्यतः विंडोजसाठी आहे. बसवताना इन्स्टॉलर दुसरी सॉफ्टवेअर पुढे करतो, तिथे नकार द्या. अँटिव्हायरसही ओरडेल. ऑनलाइन गेमला ते अजिबात जोडू नका. अकाउंट बंद होतं, आणि समोर खेळणाऱ्या माणसावर अन्याय होतो तो वेगळाच. इम्युलेटर जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सवरही मजेत चालतो. तिथली अडचण रॉमची, म्हणजे कार्ट्रिजमधल्या गेमच्या फाइलची. इंटरनेटवर पडलेले रॉम उतरवणं हे कॉपीराइटचं उल्लंघन आहे, त्यामुळे स्वतःच्या कार्ट्रिजवरून काढलेला रॉम वापरा किंवा स्वतःच छोटा गेम लिहून तो मोडा-जोडा. आपला बदल इतरांना द्यायचा तर फक्त पॅच (बदललेल्या बाइटची फाइल) द्या, गेम नाही.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं तेही सांगतो. रॉमची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसरी हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवून बदलू देणारा प्रोग्राम) उघडा. गेमचा कोड मेमरीत ८००० या पत्त्यापासून सुरू होतो आणि फाइलच्या सुरुवातीला १६ बाइटचं (हेक्समध्ये १०) हेडर असतं, म्हणून ९१डी९ ची जागा फाइलमध्ये ११ई९ ला येते. तिथे सीई, ५ए, ०७ ओळीने दिसले पाहिजेत. आधी तिन्ही ईए करून बघा, गेम ओव्हर येऊ द्या, आणि डिबगरमध्ये बीपीएलपाशी निगेटिव्ह फ्लॅग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग एडी लिहा.