मजलिसचा इतिहास शोधताना निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल किती कामाचे?

हैदराबादच्या मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन (एमआयएम) या पक्षावर आवेशाने लिहिणारे पुष्कळ आहेत, आकडे तपासणारे थोडे. तपासायचे असतील तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे सांख्यिकी अहवाल हे सर्वांत भरवशाचे साधन. फुकट आहेत आणि 1951-52 पासूनचे आहेत. म्हणजे 1927 ची स्थापना, कासिम रझवी आणि रझाकार, 1957 ची पुनर्बांधणी यासाठी दुसरीकडेच जावे लागेल.

सर्वांत मोठी चूक होते ती पक्षाच्या रकान्यावर विसंबल्याने. मजलिसचे नेते सुलतान सलाहुद्दीन ओवेसी 1984 मध्ये हैदराबादमधून लोकसभेवर गेले, पण अहवालात ते अपक्ष आहेत. पक्षाच्या नावाने शोधणाऱ्याच्या हातून त्यांचा हा पहिलाच लोकसभा विजय निसटतो. 1962 चा हैदराबादच्या पत्थरगट्टी मतदारसंघातला त्यांचा विधानसभेचा विजयही तसाच. म्हणून पक्ष नव्हे, मतदारसंघ धरून मागे जा. रोमन लिपीतली नावेही प्रत्येक अहवालात सारखी लिहिलेली असतील असे धरू नका. आधी सहभागी पक्षांच्या यादीत त्या वर्षीचे संक्षिप्त नाव पाहून घ्या.

मतदारसंघ धरला तरी 2009 पाशी धागा तुटतो. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत हैदराबादचे आसिफनगर गेले, बहादूरपुरा नव्याने आले. त्यामुळे विधानसभेच्या 2004 च्या 4 आणि 2009 च्या 7 जागा शेजारी ठेवून ‘पक्ष वाढला’ एवढेच म्हणणे अपुरे. नकाशाही बदलला होता. 2014 ची विधानसभा तेलंगणाखाली शोधू नका. मतदान राज्य वेगळे होण्याआधी झाले, म्हणून ती आंध्र प्रदेशाच्या अहवालात आहे.

छोट्या पक्षासाठी या अहवालांतला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे लढवलेल्या जागांवरील मतांची टक्केवारी. राज्यभराची टक्केवारी किरकोळ दिसते, कारण पक्ष मोजक्याच जागा लढवतो. ज्या गल्ल्यांत तो खरोखर उभा आहे तिथले बळ हाच रकाना दाखवतो.

फूट मात्र आकड्यांवरून उमगत नाही. 1994 मध्ये विधानसभेची एकच जागा का आली, याचे उत्तर आदल्या वर्षी पक्षाचेच नेते अमानुल्ला खान यांनी वेगळी चूल मांडून काढलेल्या मजलिस बचाव तहरीकमध्ये आहे. हे ठाऊक असेल तरच खान यांच्या चांद्रायणगुट्टा मतदारसंघाचा निकाल नीट वाचता येतो.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर तपशीलवार निकालांची फाइल उघडा. 2019 च्या लोकसभेला औरंगाबादेत मजलिसचे इम्तियाज जलील 4,492 मतांनी जिंकले. त्याच फाइलीत अपक्ष हर्षवर्धन जाधव यांची 2,83,798 मते आहेत. ती पाहिल्याशिवाय या निकालाबद्दल बोलूच नये. वंचित बहुजन आघाडीशी असलेली युती तिथे कुठेच दिसणार नाही, अहवाल युत्या नोंदवत नाहीत. 2024 च्या विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये मजलिसचे मुफ्ती इस्माईल अवघ्या 162 मतांनी निवडून आले.

ज्या निवडणुकीने पक्षाचा महाराष्ट्रात शिरकाव झाला, ती 2012 ची नांदेड महापालिका (11 जागा), आणि 2015 चे औरंगाबाद (25 जागा) इथे नाहीत. पालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात, तिकडेच शोधा.

जुने अहवाल एकसंध पीडीएफ आहेत, ते पूर्ण उतरवून घ्या. नवे अनेक सुट्या फायलींत विभागलेले आहेत; पक्षांची यादी, पक्षनिहाय कामगिरी आणि तपशीलवार निकाल या तीन फायली पुरतात.