बायपासनंतर विसरायला होतंय का? कोणती चाचणी करून घ्यावी

बायपासनंतर 'बाबा पूर्वीसारखे राहिले नाहीत' असं घरचे म्हणतात. ते तपासायला मुख्यतः तीन मार्ग आहेत: एमएमएसई आणि मोका (या दोन्ही स्मरणशक्ती, विचारशक्ती तपासणाऱ्या छोट्या प्रश्नचाचण्या) आणि मानसशास्त्रज्ञाकडच्या सविस्तर चाचण्या.

एमएमएसई १९७५ची, ३० गुणांची. आज वार कोणता, १०० मधून सात-सात वजा करा, तीन शब्द लक्षात ठेवा. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) प्राथमिक तपासणीला ती चालते. पण ऑपरेशननंतर बऱ्याचदा मंदावतो तो विचारांचा वेग, आणि शिकलेला माणूस त्यातही २९ गुण मिळवून जातो. या कामासाठी मी ती सुचवणार नाही.

मोकाही ३० गुणांचीच, साधारण दहा मिनिटांची, पण कस लावणारी. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, आकडा-अक्षर आलटूनपालटून जोडायचे, पाच शब्द थोड्या वेळाने आठवायचे. २६ च्या खाली गेलं तर पुढची तपासणी. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथी शिकलेल्या आजींना तो एक गुण पुरत नाही, त्यामुळे त्यांचा आकडा बघून लगेच घाबरू नका.

सविस्तर चाचण्यांत पंधरा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारतात. खाचांच्या खुंट्या भोकांत बसवायला लावून वेळ मोजतात. सूक्ष्म फरक इथेच कळतो. अशाच चाचण्यांवरून ड्यूक विद्यापीठाने २००१ मध्ये २६१ बायपास रुग्णांचे निष्कर्ष मांडले: घरी जाताना ५३ टक्क्यांत घसरण, सहा महिन्यांनी २४, पाच वर्षांनी पुन्हा ४२. आकडा भीतिदायक आहे, पण पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांशी तुलना केली, तेव्हा दीर्घकाळातली घसरण दोन्हीकडे साधारण सारखीच निघाली. म्हणजे वय, बीपी, शुगर यांचाही त्यात वाटा आहे.

कोणतीही चाचणी निवडा, ती ऑपरेशनआधी एकदा झालेली हवी. नंतरची डिस्चार्जच्या दिवशी नको. झोप नाही, वेदनाशामकांची गुंगी, मग आकडा खालीच येणार. दोन-तीन महिने जाऊ द्या. दुसऱ्यांदा शब्दांची यादी वेगळी मागून घ्या, नाहीतर सरावानेच गुण वाढतात. उदासी आहे का, हेही विचारायला सांगा. तिनेही गुण घसरतात.

बाबा निवृत्त असतील तर मोका पुरे. हिशेब, वकिली, शिकवणं चालू असेल तर सविस्तर चाचण्यांचा खर्च करा. ऑपरेशन होऊन गेलं असेल तर आता एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, त्याच ठिकाणी करून घ्या.