दांडी टेबलावर होती, तरी रिपोर्ट आला

८६,३०० रुपये. धातूची दांडी मुठीत धरायला लावून मशीनवर आजार सांगणाऱ्या एका शिबिरापायी माझे एवढे गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पाहुण्यांत आणि कामावर जो तो तोच विचारतोय आणि मी इतके दिवस "असतील पन्नासेक हजार" म्हणून वेळ मारून नेत होतो. नोंदणी ६०० (माझे ३००, बायकोचे ३००). पहिल्या महिन्याच्या पुड्या ८,५००. दुसऱ्या महिन्याच्या ११,२००. चुंबकाची गादी ४२,०००. सुवर्णभस्म म्हणून दिलेल्या डब्या २४,०००. गादीचे पैसे फोनवरून गेले, बाकी सगळे रोख. पावती म्हणाल तर वहीतून फाडलेल्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेले आकडे, खाली ना सही ना शिक्का.

मी बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात तपासणीला आहे. एकोणीस वर्षं झाली. फौंड्रीतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशिनिंग होऊन माझ्या टेबलावर येतं, मी मोजतो आणि पास की रिजेक्ट ते ठरवतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्रत्येकावर कॅलिब्रेशनचा, म्हणजे साधन बरोबर मोजतंय हे तपासल्याचा, स्टिकर असतो. स्टिकरवरची तारीख उलटली की ते साधन मी हातात घेत नाही, मग मॅनेजर समोर उभा असला तरी. हे एवढ्यासाठी सांगतोय की "तुम्ही शिकलेले असून कसे फसलात" हे मी आता शंभर वेळा ऐकलंय. अंग दुखणाऱ्या माणसाच्या जागी चौदा महिने राहून बघा, मग विचारा.

सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालं. आधी मान आणि खांदे, मग पाठ, मांड्या, तळपाय. सकाळी उठलो की रात्रभर कुणीतरी बदडून काढल्यासारखं अंग. हातापायांना मुंग्या. झोप लागायची, पण झोपून उठल्याचं समाधान नाही. मोजलेला आकडा वहीत लिहीपर्यंत डोक्यातून जायचा आणि तेच माप परत घ्यावं लागायचं. रक्त, साखर, थायरॉईड, बी-१२, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या तपासण्या, मानेचा एमआरआय, नसांची तपासणी. १९,४५० रुपये घातले. प्रत्येक कागदावर एकच शब्द, नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाईल मिटून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "काही नाही तुम्हाला, टेन्शन घेऊ नका." आम्हाला काही सापडलं नाही, असं म्हणाले असते तर मला चाललं असतं. तुम्हाला काही नाही, हे कसं म्हणता? आई म्हणाली भायलं काहीतरी असणार, दाखवून या. सुपरवायझर म्हणाला कामाचा कंटाळा आलाय ह्याला. बायको काहीच बोलत नव्हती, ते सगळ्यात जास्त लागायचं.

अशात नोव्हेंबर २०२४ मध्ये बायकोच्या मामेभावाचा फोन. "दाजी, एवढं दवाखान्यात घालवलासा, एकदा हितं येऊन बघा की. मशीन सगळं सांगतंय, सुई नाही, रक्त नाही." शहापूरच्या बाजूला एका कार्यालयात रविवारी शिबिर होतं. त्याला माझ्यामागे कमिशन मिळणार होतं हे मला फेब्रुवारीत कळलं.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो.

लॅपटॉप, त्याला वायरीने जोडलेला छोटा डबा, डब्याला एक धातूची दांडी. वय, उंची, वजन, बाई की पुरुष एवढं विचारून भरतात. दांडी मुठीत धरायची, एक मिनिट. पडद्यावर पट्टी सरकत शंभरपर्यंत जाते. माझं झालं. मग बायको बसली. तिने दांडी धरली आणि पिशवीत फोन वाजला. पोराचा असणार म्हणून तिने दांडी टेबलावर ठेवली, पिशवी उघडली, फोन काढला, "शिबिरात आहे रे, नंतर कर" म्हणाली. वीस सेकंद तरी गेली असतील. पट्टी थांबली नाही. त्याच वेगाने सरकत राहिली, शंभरला पोचली. आणि प्रिंटरमधून बायकोची पस्तीस पानं बाहेर आली. यकृत, मूत्रपिंड, हाडांची घनता, रक्तातलं शिसं, पारा. सगळे आकडे दशांशासकट.

हे मी बघितलं. दोन फुटांवरून बघितलं. कास्टिंग बाजूला पडलेलं असताना गेजने माप दाखवलं तर मी ते गेज त्याच मिनिटाला कपाटात कुलूप लावून ठेवीन. तिथे मात्र मी गप्प बसलो. मनात आलं होतं, खोटं नाही सांगत, अगदी ओठावर आलं होतं की "अहो, हिने दांडी सोडली होती." पण माझ्या मांडीवर माझी पस्तीस पानं होती आणि पहिल्याच पानावर लाल अक्षरात माझ्या नसांमध्ये, स्नायूंमध्ये बिघाड असल्याचं लिहिलं होतं. चौदा महिन्यांत मी आजारी आहे असं म्हणणारा तो पहिला कागद होता. मी तो बायकोला दाखवला आणि म्हणालो, बघ, मी नाटक करत नव्हतो. ते मशीन खोटं म्हटलं असतं तर हा कागदही खोटा ठरला असता. मला तो खरा हवा होता. शिबिर चालवणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडून पैसे काढले हे खरं, पण त्याआधी त्याने माझं म्हणणं पाऊण तास ऐकून घेतलं होतं, मध्ये एकदाही घड्याळ न बघता. तेवढा वेळ मला कुणी दिला नव्हता.

पुड्या सुरू केल्या आणि चौथ्या दिवशी अंगदुखी गेली. गेलीच म्हणजे. मी जिने चढत होतो, दोन भाकऱ्या जास्त खात होतो. म्हणून तर दुसऱ्या महिन्याच्या पुड्या घेतल्या, गादी घेतली, आणि डब्यांसाठी सोसायटीतून २४,००० उचलले. ज्याला चार दिवसांत गुण आला तो शंका कशी घेणार, सांगा. पण जुनाट दुखणं पुडीने चार दिवसांत गेलं तर तीच वेळ घाबरायची असते, हे मला आता कळतं. नवव्या आठवड्यात वजन सात किलोने वाढलं होतं, चेहरा भोपळ्यासारखा गोल, आणि उपाशीपोटीची साखर आधी ९२ असायची ती १६८. त्या माणसाला सांगितलं तर म्हणाला, "शरीरातलं विष बाहेर पडतंय, पुड्या थांबवू नका."

पैसे संपले म्हणून थांबल्या. पाचव्या दिवशी मी कामावर टेबलाजवळच कोसळलो. उलट्या, घाम, वरचा रक्तदाब ८४ वर आलेला. ज्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली पुडी खात होता?" सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, तपासलं, खूपच कमी आलं. त्यांचं म्हणणं, पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं असणार. दोन महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर आपलं बनवायचं थांबवतं आणि पुडी एकदम बंद झाली की माणूस असा पडतो, वेळेत इलाज झाला नाही तर जातोसुद्धा. तेव्हा कुणी आत्ता अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून रागाच्या भरात फेकून देऊ नका. पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. कशी कमी करायची ते त्यांनाच ठरवू दे.

त्याच बाईंनी माझ्या मूळ दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. त्याला रक्ताची तपासणी नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. कुठे कुठे दुखतं, किती महिने, झोप कशी, विसरायला होतं का, हे विचारून आणि बाकीचे आजार बाजूला काढून ते ठरवतात. स्नायू झिजलेले नसतात, पण मेंदू आणि नसा दुखण्याचा आवाज मोठा करून ऐकवतात, असं त्यांनी समजावलं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येणार होते आणि दुखणंही खरं होतं. हे एक वाक्य मला पहिल्याच वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी त्या शिबिराची पायरी चढलो नसतो. आता रात्री एक छोटी गोळी, रोज दहा मिनिटांपासून हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, ठरल्या वेळी झोप. महिन्याची गोळी दीडशे रुपयांच्या आत येते. दुखणं गेलेलं नाही. निम्म्यावर आलंय.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, शिबिर इथे झालं पण पैसे तुम्ही दिले त्याच्या ऑफिसात, ते शिनोळीच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्रात, तिकडे जावा. वर अर्ज कन्नडमध्ये आणा. मला कन्नड बोलता येतं, अर्ज लिहिण्याइतकं येत नाही, तर बाहेर लिहून घेतला, २०० रुपये. तिकडे गेलो तर हवालदार म्हणतात, तुम्ही राहायला कर्नाटकात, शिबिर बेळगावात, आमच्याकडे कसं घेणार? बेळगाव ते शिनोळी किती लांब आहे, सांगा! आमची पोरं सायकलवरून जातात. तेवढ्या अंतरासाठी मी चार खाडे केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची तरतूद आहे, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हे मी मोबाईलवर उघडून समोर धरलं. साहेब म्हणाले, "आम्हाला शिकवू नका."

आरोग्य खात्यात सांगितलं, तो डॉक्टर असता तर आम्ही नोंदणी तपासली असती, तो डॉक्टरच नाही म्हटल्यावर आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे डिग्री असलेल्याला धाक आणि नसलेल्याला मोकळं रान? औषध खात्यात पुडी टेबलावर ठेवली तर म्हणतात, हिच्यावर लेबल नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, नमुना म्हणून घेता येत नाही. अहो, लेबल नाही हीच तर माझी तक्रार आहे! १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन केला तर म्हणतात, गादीचे पैसे तुम्ही समोर बसून स्वतः पाठवलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे आपल्या देशात. त्याखाली अर्ज कुणाकडे द्यायचा, हे मला चार कार्यालयांत एकानेही सांगितलं नाही. प्रत्येकाने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि पुढच्या दाराचा पत्ता दिला.

शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी ग्राहक आयोगाचं सांगितलं, आणि आपल्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा कुठेही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र करायची. मी बेळगावच्या आयोगात केलीय. रोख दिलेल्या ४४,३०० ला पुरावा काय, यावर सगळं अडणार, हे वकिलांनी आधीच सांगितलंय. रोख देऊ नका. देताच असाल तर घरच्या कुणालातरी त्याच वेळी मेसेज करून ठेवा, किती दिले, कुणाला, कशाचे.

आयोगात लावायला मी आणखी एक कागद केलाय. बायकोच्या मामेभावाने तसलंच मशीन २२,००० देऊन घेतलं होतं, तोही बुडाला. त्याच्याकडे बसून मी दांडीला ओला रुमाल गुंडाळला, माझं वय, उंची, वजन भरलं आणि मशीन चालू केलं. तीनदा. एकच रुमाल, एकच दांडी. एकदा यकृत उत्तम, एकदा मध्यम बिघाड, एकदा तातडीने इलाज करा. कारखान्यात नवीन पोरगं कामाला लागलं की मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, एकच वस्तू तीनदा मोज, माप तेच यायला पाहिजे. मामेभाऊ मान खाली घालून बसला होता. "दाजी, मला खरंच वाटलं हुतं वो," म्हणाला. मी त्याच्याशी बोलतो, बायको अजून बोलत नाही.

काल खानापूरच्या एका मित्राने बोर्डाचा फोटो पाठवला. तेच मशीन, तोच माणूस, नाव तेवढं बदललेलं. येत्या रविवारी शिबिर, नोंदणी आता ३५०. खानापूर, नंदगड, लोंढा भागात कुणी नाव दिलं असेल तर त्याला आज फोन करा. त्याला वेड्यात काढू नका, दुखतंय म्हणूनच तो चाललाय. तिथे गेलाच तर पट्टी निम्म्यावर आली की दांडी खाली ठेवायला सांगा.