माफी फुकट होती, आम्ही पंच्याऐंशी हजार मोजले

माझा धाकटा भाऊ २०२३ च्या शेवटी दुबईला गेला, तोही व्हिजिट व्हिसावर. "तिथं पोचलास की कंपनी कामाचा व्हिसा काढते," असं एजंटनं सांगितलं होतं. कंपनी नव्हतीच. फेब्रुवारीत व्हिसा संपला आणि तो मिळेल तिथं रोजंदारी करत लपूनछपून राहायला लागला. त्या एजंटाचं पुन्हा कधी लिहीन. आज लिहायचंय ते नंतर 'मदतीला' आलेल्या माणसाबद्दल.

१ सप्टेंबर २०२४ पासून अमिरातीत माफी योजना सुरू झाली. मुदत आधी ऑक्टोबरअखेर होती, ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. व्हिसा संपलेल्यांना दिवसाचा ५० दिरहम दंड माफ, घरी परतलं तरी पुन्हा जायला बंदी नाही, आणि तिथं नोकरी मिळाली तर व्हिसा रीतसर करून घ्यायचीही सोय. भावाचा दंड साडेदहा हजार दिरहमच्या वर गेला होता, म्हणजे आपले अडीच लाखांच्या आसपास. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ओळखीच्या एकानं सांगलीत परदेशात अडकलेल्यांसाठी 'मदत केंद्र' चालवणारा माणूस गाठून दिला. ऑफिसात पुढाऱ्यांबरोबरचे फोटो. "ताई, आम्ही फी घेत नाही, ही समाजसेवा आहे. फक्त तिकडच्या सरकारी खर्चाचे पंच्याऐंशी हजार भरावे लागतील." मी गप्प बसले, तेव्हा तो आईकडं वळला. "मुदत टळली तर पोराला जेलमध्ये टाकतील, मावशी." आई तिथंच रडायला लागली. मग मी काही विचारलंच नाही.

भाव येईल म्हणून तासगावला कोल्ड स्टोरेजला ठेवलेला बेदाणा दिवाळीच्या तोंडावर पडेल भावानं विकला. चाळीस हजार फोनवरून दिले, बाकीचे रोख. पावती मागितली तर म्हणाला, "ती तिकडून येते." आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अरबी शिक्क्याचा कागद आला. सोबत ताकीद, की भावानं कुठल्याही सरकारी ऑफिसात जायचं नाही, गेला तर काम बिघडेल. याच वाक्याला मी सावध व्हायला हवं होतं.

सावध झाला तो भावाच्या खोलीतला केरळचा मुलगा. कागद बघून त्यानं दुसऱ्या दिवशी भावाला दुबईतल्या अल अवीरच्या माफी केंद्रावर नेलं. तिथं आपल्या वाणिज्य दूतावासाची माणसं मदतीला बसली होती. भावाच्या नावाचा अर्जच आलेला नव्हता. त्यांनी अर्ज भरायला मदत केली, दंड माफ झाला, नोव्हेंबरात तो घरी आला. तिकिटाशिवाय सांगण्यासारखा खर्च आला नाही.

कुणाचं माणूस असं अडकलं असेल तर आधी दुबईतल्या आपल्या वाणिज्य दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करायला सांगा. तिथून ८००४६३४२ हा नंबर फुकट लागतो, रात्रीसुद्धा. इथून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते. पाठवायच्या आधी एजंटाची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर बघा. नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं.

पोलिसांत अर्ज दिलाय. रोख दिलेल्या पंचेचाळीस हजारांचा पुरावा आमच्याकडं नाही. त्या ऑफिसात आमच्यासारखे आणखी चार-पाच जण फायली घेऊन बसलेले मी बघितले होते. त्यातलं कुणी हे वाचत असेल, तर तुमचाही अर्ज द्या. आमचा एकट्याचाच पडून आहे.