दहा नाण्यांत थंडीचा बंदोबस्त : ‘आइसविंड डेल’चे हिवाळी नियम

सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीनुसार मुंबईचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि तेही २२ जानेवारी १९६२ चे. अशा शहरातल्या खेळाडूंना जीवघेण्या थंडीची धास्ती वाटायला लावायची, तर ते काम नियमांनाच करावे लागते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०२० मध्ये निघालेले ‘आइसविंड डेल : राइम ऑफ द फ्रॉस्टमेडन’ हे बर्फाळ प्रदेशातल्या मोहिमेचे ३२० पानांचे पुस्तक आमच्या गटाने गोरेगावात, फर्रर्र फिरणाऱ्या पंख्याखाली खेळले. कथानकाविषयी इथे लिहीत नाही. प्रश्न एवढाच आहे की थंडी, दुखापत आणि थकवा यांचा हिशेब हे पुस्तक नीट ठेवते का.

मूळ नियम सुटसुटीत आहे. तापमान शून्य अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे १८ सेल्सिअस, किंवा त्याहून खाली असेल, तर उघड्यावरच्या प्रत्येक पात्राने दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या चिवटपणाचा, सेव्ह करायचा; संकट टाळण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकायचा. फासा आणि बोनस मिळून दहा भरले नाहीत, तर थकव्याची एक पातळी चढते. सहाव्या पातळीला मृत्यू. यातला क्रम मला फार आवडला. पहिल्या पातळीवर तलवारीचा वार तसाच राहतो, पण कौशल्याच्या कामांना डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा. त्यामुळे कडा चढणे, कुलूप उघडणे, वाट शोधणे आधी बिघडते. गारठलेल्या हाताची बोटे आधी बारीक कामाला नकार देतात, हे प्रत्यक्षातही खरेच आहे. पुढे वेग निम्मा होतो, मग वार आणि सेव्ह ढासळतात, चौथ्या पातळीवर कमाल हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, अर्धे होतात आणि पाचव्या पातळीवर पात्राला हलताच येत नाही. बर्फात न हलणारा माणूस म्हणजे इतरांच्या खांद्यावरचे ओझे, आणि त्या ओझ्याने मग तेही थकतात.

एवढी चांगली यंत्रणा पुस्तक स्वतःच निकामी करून टाकते. दहा सोन्याची नाणी मोजली की लोकरी कपडे, फरचा कोट, टोपी, गॉगल, बूट आणि हातमोजे मिळतात आणि ते अंगावर असताना थंडीचा प्रत्येक सेव्ह आपोआप पास. पहिल्याच गावात सगळे ही खरेदी उरकतात. पुढे अनुभवाच्या पाचव्या स्तरावर जादूगाराला लिओमंडची झोपडी हा मंत्र मिळू शकतो, ज्यात बाहेर कसेही हवामान असले तरी आत आठ तास ऊबदार आणि कोरडे असते. त्यानंतर थंडी केवळ वर्णनापुरती उरते.

वाचवणारी अट एकच आहे, ती म्हणजे कपडे कोरडे असले पाहिजेत. आमच्या गटातला बुटका योद्धा गोठलेल्या तळ्याचा थर फुटून पाण्यात गेला, तेव्हा तो खेळणारे दादा म्हणाले, “अहो, कोट घातलाय ना मी!” त्यावर गटातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “दादा, तो कोट आता नाही मोजायचा.” त्या क्षणी टेबलावर खरी थंडी आली. मात्र पुढचाच नियम पुन्हा ढिला आहे. कॉन्स्टिट्यूशनच्या अंकाइतकी मिनिटे गार पाण्यात काहीच होत नाही, म्हणजे १४ अंक असलेल्याला १४ मिनिटे सवलत. प्रत्यक्षात असल्या पाण्यात पहिल्याच मिनिटात धाप लागते आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय नीट चालेनासे होतात.

दुखापतीची बाजू सर्वांत कच्ची आहे, आणि तो दोष मुळात पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ नियमांचा आहे. एका लाँग रेस्टमध्ये, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीत, सगळे हिट पॉइंट परत येतात, पण अन्नपाणी मिळूनही थकव्याची एकच पातळी उतरते. परिणामी यतीने, म्हणजे हिममानवाने, फाडलेला माणूस सकाळी ठणठणीत उठतो, तर चालून दमलेला तीन दिवस कण्हत असतो! खेळ चालवणाऱ्यासाठीच्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ या नियमपुस्तकात टिकून राहणाऱ्या जखमांचा ऐच्छिक तक्ता आहे, त्यात गेलेला डोळा, मोडलेल्या बरगड्या, चिघळलेली जखम आहे, पण हिमदंश नाही, आणि बर्फाला वाहिलेल्या या पुस्तकानेही तो घातलेला नाही. आम्ही त्याच तक्त्यातले लंगडणे उचलले. वेग पाच फुटांनी कमी होतो, धावल्यास पडण्याची भीती असते आणि जादूने ते बरे होते. ओल्या बुटांत सलग दोन सेव्ह हुकले की ते लागू करायचे, असे ठरवल्यावर मोजे वाळवणे हा मोहिमेतला गंभीर विषय झाला.

स्लेजच्या कुत्र्यांचा नियम मात्र कुठेही हात न लावता वापरावा असा आहे. तासभर ओढल्यावर त्यांना विश्रांती द्यावी लागते, नाहीतर त्यांना थकवा चढतो. कुत्र्यांना फरचा कोट विकत घेऊन यातून सुटका नाही, म्हणून प्रवासाचा वेळ खरोखर मोजावा लागतो.

२०२४ च्या सुधारित नियमांसह हे पुस्तक घेणाऱ्यांनी एक पाहून ठेवावे. तिथे थकव्याच्या प्रत्येक पातळीला वीस बाजूंच्या फाशावरच्या प्रत्येक चाचणीतून दोन वजा होतात आणि वेग पाच फुटांनी घटतो. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, पण आधी बोटे, मग पाय, मग सारे शरीर हा क्रम त्यात जातो. या मोहिमेपुरता तरी मी २०१४ चाच तक्ता वापरेन.