जिअँट-४ : डिटेक्टर बांधण्याआधी तो तपासायचा तर हेच सॉफ्टवेअर, पण डीफॉल्टवर विसंबू नका

नव्या डिटेक्टरसाठी सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारा पदार्थ) कापायला देण्याआधी त्याची जाडी, मांडणी, वाया जाणारा प्रकाश हे सगळे संगणकावर पाहून घ्यायचे, तर माझी पहिली पसंती जिअँट-४लाच, म्हणजे पदार्थातून कणांचा प्रवास संगणकावर घडवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला. १९९८ पासून उपलब्ध, मोफत, सी++ मध्ये. सर्नच्या अ‍ॅटलास आणि सीएमएस या प्रयोगांची सिम्युलेशन याच्यावरच चालतात, आणि आपल्या आयएनओच्या (भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या) आयकॅल डिटेक्टरचा (५.६ सेंमी जाड लोखंडी पत्र्यांचे १५१ थर, मधल्या फटींत आरपीसी हे वायूचे डिटेक्टर) अभ्यासही यावरच झाला.

इन्स्टॉल करताना डेटा-फाइल उतरवण्याचा पर्याय सुरू ठेवा, नाहीतर बिल्ड बिनबोभाट होते आणि प्रोग्रॅम चालवताना अडतो.

खरी मेख ‘कट’मध्ये आहे. डीफॉल्ट ०.७ मिमी. ज्या दुय्यम इलेक्ट्रॉनचा पल्ला याहून कमी, तो तयारच होत नाही. त्याची ऊर्जा जागच्या जागी जमा होते. सिलिकॉन सेन्सर असतो ०.३ मिमीचा! मग बाहेर निसटणारे डेल्टा इलेक्ट्रॉन (कणाच्या धडकेने उसळलेले) दिसत नाहीत आणि सेन्सर आहे त्यापेक्षा सरस वाटतो. तेवढ्या भागाची वेगळी रीजन करून कट १० मायक्रॉनपर्यंत उतरवा. सगळीकडे उतरवलात तर कॅलोरिमीटरचा (कणाची ऊर्जा मोजणाऱ्या डिटेक्टरचा) रन संपता संपणार नाही.

सिंटिलेटरवाल्यांनी हवेलाही अपवर्तनांक द्यावाच. तो नसेल तर पृष्ठभागाशी पोचलेला फोटॉन तिथेच मारला जातो, पूर्ण आंतरिक परावर्तन होतच नाही, आणि लांब पट्टीच्या टोकाला जवळपास अंधार मिळतो. प्लास्टिक सिंटिलेटरमध्ये एक सेंमीला साधारण २ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक एमईव्ही) ऊर्जा पडते, म्हणजे एका म्युऑनमागे वीसेक हजार फोटॉन; रन रेंगाळतो. सिपीएमची (फोटॉन मोजणाऱ्या सिलिकॉन सेन्सरची) कार्यक्षमता ४० टक्के असेल तर प्रकाश-उत्पादन आधीच ४० टक्क्यांवर आणावे, मात्र शेवटी त्या कार्यक्षमतेने पुन्हा गुणू नये.

ओव्हरलॅपची (मांडणीतले दोन भाग एकमेकांत घुसण्याची) तपासणी डीफॉल्टने पृष्ठभागावरचे १००० यादृच्छिक बिंदूच पाहते. बारीक ओव्हरलॅप त्यातून सुटतो, म्हणून बिंदू वाढवून पुन्हा चालवा. मंद न्यूट्रॉन मोजायचे असतील तर फिजिक्स लिस्ट (कोणत्या प्रक्रिया कशा मोजायच्या त्याचा संच) ‘एचपी’ची, म्हणजे न्यूट्रॉनसाठी जास्त अचूक, घ्या, साध्या एफटीएफपी-बर्ट या लिस्टवर भरवसा नको.

उणीव एकच, पण मोठी: हे ऊर्जा कुठे पडली तेवढे सांगते. इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज, थ्रेशोल्ड, पल्सचा आकार हे तुम्हीच लिहायचे. आरपीसीतल्या वायूतला अ‍ॅव्हलांश (इलेक्ट्रॉनांची वाढत जाणारी लाट) हवा असेल तर सोबत गारफिल्ड++ हे वेगळे सॉफ्टवेअर शिकावे लागते.